हाँगकाँगच्या कायद्यात 'जात' आहे, पण 'भाषा' नाही!

आमच्या वस्तीतला एक तरुण मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून नोकरीला आहे. वर्षातले आठ-नऊ महिने तो पाण्यावर असतो. बंदराला लागला की "जयभीम वकीलसाहेब" असा निरोप येतो आणि पाठोपाठ एखादा फोटो. मध्यंतरी त्याचे जहाज हाँगकाँगला लागले होते. तिथल्या एका वाहनतळावरच्या पाटीचा फोटो त्याने पाठवला. वर चिनी अक्षरे आणि खाली इंग्रजी लिपीत एकच शब्द, 'शरॉफ'. "इथेही सराफांचा धंदा चालतो की काय?" असा त्याचा प्रश्न.

धंदा नाही. हाँगकाँगमध्ये पैसे भरण्याच्या खिडकीला 'शरॉफ' म्हणतात. वाहनतळ असो, इस्पितळ असो की सरकारी कचेरी, पैसे भरायचे तर शरॉफकडे जायचे. शब्द आपला 'सराफ'च. मूळ अरबी, पण चीनच्या किनाऱ्यावर तो हिंदुस्थानातल्या व्यापारामार्फत उतरला. असे शब्द तिथे आणखीही आहेत. मोंगकोक भागात 'नल्ला रोड' आहे, तो 'नल्ला' म्हणजे आपला नाला. जुन्यापुराण्या वस्तूंच्या बाजाराला इंग्रजीत 'लास्कर रो' असे नाव आहे. लास्कर म्हणजे विलायती जहाजांवर राबणारे आशियाई खलाशी, आणि त्या खलाशांत आपल्या कोकणातलेही होते. चिनी लोक त्याच रस्त्याला 'मो लो' रस्ता म्हणतात. 'मो लो' हा काळ्या-सावळ्या परदेशी माणसासाठी वापरला जाणारा शब्द, आणि तो आदराचा नाही.

आमच्या खलाशाची गाठ त्या वाहनतळाच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याशी पडली. तो नेपाळी निघाला. दोघे हिंदीत बोलले. पहारेकऱ्याचा जन्म हाँगकाँगचा, बाप ब्रिटिशांच्या गुरखा पलटणीत. लहानपण नेपाळात आजोळी गेले, तरुणपणी तो जन्मगावी परतला. आता कँटोनीज बोलतो, पण चिनी लिहिता-वाचता येत नाही. म्हणून तो फाटकावर आहे, खिडकीत नाही. आपल्याकडून गेलेला शब्द आत बसला आहे आणि आपल्याकडून गेलेला माणूस बाहेर उभा आहे!

हा प्रकार समजून घ्यावा म्हणून आम्ही तिथले कायदे आणि शिक्षणविषयक धोरण जमेल तसे वाचून काढले. जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवण्याचे कारण असे की, त्यात आपल्या चळवळीला अभिमान वाटावा असे एक कलम आहे आणि त्याच कायद्यात आपली मान खाली जावी अशा दोन पळवाटा आहेत.

आधी माणसे कोण ते पाहू. २०२१ च्या जनगणनेनुसार हाँगकाँगची लोकसंख्या सुमारे ७४ लाख. त्यात चिनी नसलेले लोक ६ लाख १९ हजारांच्या आसपास, म्हणजे ८.४ टक्के. यातल्या निम्म्याहून अधिक घरकामासाठी करारावर आणलेल्या फिलिपिनो आणि इंडोनेशियन स्त्रिया आहेत. त्या वगळल्या तर तीन लाख उरतात. दक्षिण आशियातले सुमारे एक लाख : भारतीय ४२ हजार, नेपाळी जवळपास ३० हजार, पाकिस्तानी २४ हजार. बहुसंख्य समाज कँटोनीज बोलतो. सरकारचे धोरण 'दोन लिपी, तीन बोली' असे आहे. लिहिण्यासाठी चिनी आणि इंग्रजी. बोलण्यासाठी कँटोनीज, पुतोंगहुआ आणि इंग्रजी.

हे लोक तिथे काल-परवा गेलेले नाहीत. १८४१ मध्ये ब्रिटिशांनी ते बेट बळकावले तेव्हापासून हिंदी शिपाई तिथे आहेत. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात होती आणि तिच्या पैशावर मुंबईत किती वाडे आणि किती धर्मादाय इमारती उभ्या राहिल्या, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. हाँगकाँगच्या प्रसिद्ध स्टार फेरीचा पाया घालणारे दोराबजी नवरोजी पारशी होते. हाँगकाँग विद्यापीठाची मुख्य इमारत मुंबईत जन्मलेल्या सर होरमसजी मोदी यांच्या देणगीतून झाली. शीख पोलीस १८६० च्या दशकापासून तिथल्या रस्त्यावर होते. डिसेंबर १९४१ मध्ये जपान्यांनी हल्ला केला तेव्हा राजपूत आणि पंजाब पलटणींचे शिपाई हे शहर राखताना मेले. गुरखा पलटणी १९९७ पर्यंत तिथे होत्या. या गुरख्यांत राई, लिंबू, गुरुंग, मगर अशा डोंगरी जमातींची भरती असे. इंग्रजांच्या 'लढाऊ वंश' या सिद्धांतात त्या बसत होत्या म्हणून. याच सिद्धांताने १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती बंद केली, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. ज्यांना घेतले त्यांचे पुढे काय झाले, हे मात्र आपण कधी विचारले नाही.

शेठजी आणि शिपाई या दोन वर्गांत फरक आहे. शेठजींची मुले महागड्या इंग्रजी शाळांत शिकली आणि त्यांचे फारसे अडले नाही. अडले ते शिपायाचे, पहारेकऱ्याचे, बांधकामावरच्या मजुराचे. २०१६ च्या आकडेवारीवर आधारलेल्या तिथल्या सरकारच्याच दारिद्र्य अहवालात पाकिस्तानी समाजातले जवळपास निम्मे लोक दारिद्र्यरेषेखाली निघाले. आता हे दारिद्र्य कुठे तयार होते ते पाहिले पाहिजे. ते शाळेत तयार होते.

१९९७ पूर्वी बहुतेक माध्यमिक शाळा निदान नावाला तरी इंग्रजी माध्यमाच्या होत्या. शहर चीनकडे गेल्यावर १९९८ पासून मातृभाषेतून शिक्षणाचे धोरण कडकपणे लागू झाले आणि चारशेच्या वर सरकारी व अनुदानित माध्यमिक शाळांपैकी फक्त ११४ शाळांना इंग्रजी माध्यम ठेवू दिले. मातृभाषेतून शिक्षण हे तत्त्व आम्हाला मान्य आहे. पण मातृभाषा कोणाची? ज्या मुलाच्या घरी उर्दू किंवा नेपाळी बोलतात त्याच्यासाठी ही मातृभाषा शेजाऱ्याची आई झाली. शिवाय चिनी शिकणे म्हणजे बाराखडी घोटणे नव्हे. हजारो चिन्हे एकेक करून लक्षात ठेवावी लागतात. त्यात कँटोनीज माणूस जे बोलतो ते लिहीत नाही. लिहिण्याची प्रमाण भाषा बोलण्यापेक्षा निराळी. चिनी मुलाला घरी आई सांगते, आजी सांगते, दुकानाच्या पाट्या सांगतात. नेपाळी मुलाला सांगणारे घरात कोणी नाही.

अशा वेळी सरकारने काय करायला हवे होते? ज्यांची ती मातृभाषा नाही त्यांना दुसरी भाषा म्हणून ती पायरीपायरीने शिकवायला हवी होती. त्यासाठी वेगळी पुस्तके, वेगळे शिक्षक, वेगळा अभ्यासक्रम हवा होता. केले काय, तर २००४ पर्यंत या मुलांना मोजक्याच शाळांत घातले. त्या साली मुख्य प्रवाहातल्या शाळांची दारे उघडली, पण आत गेल्यावर मदत तुटपुंजी. २००६ पासून काही 'नियुक्त शाळा' ठरवून त्यांना जादा पैसा दिला. पैसा नियुक्त शाळेत, म्हणून मुले नियुक्त शाळेत; मुले एकत्र झाली म्हणून चिनी पालकांनी आपली मुले काढून घेतली. वर्गात सगळे पाकिस्तानी आणि नेपाळी. कँटोनीज कानावर पडणार कुठून? शहराच्या मधोमध राहून ती मुले शहराच्या भाषेपासून बारा कोस दूर राहिली. आपल्याकडे गावकुसाबाहेर शाळा काढून 'तुमच्यासाठी खास सोय केली आहे' असे सांगत, त्यातलाच हा प्रकार. २००१ मध्ये स्थापन झालेल्या 'हाँगकाँग युनिसन' या संस्थेने आणि तिच्या संस्थापक फर्मी वाँग या चिनी समाजसेविकेने हा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला. तेव्हा कुठे २०१३ मध्ये 'नियुक्त' हा शिक्का गेला आणि २०१४-१५ पासून चिनी ही दुसरी भाषा म्हणून शिकवण्याची चौकट आली, वर्षाला सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर मंजूर झाले. शिक्का गेला म्हणून वस्ती उठली असे होत नाही, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक?

परीक्षेतही अशीच दयाबुद्धी. २०१२ पासून तिथे बारावीच्या तोडीची एकच शालान्त परीक्षा आहे आणि विद्यापीठ प्रवेशासाठी तीत चिनी विषयात ठरावीक पातळी लागते. या मुलांना ती झेपत नाही म्हणून पर्याय दिला, ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांसाठी असलेली चिनीची सोपी परीक्षा. तिथले जाणकार सांगतात की, त्या परीक्षेची पातळी हाँगकाँगच्या प्राथमिक शाळेतल्या खालच्या इयत्तांएवढी आहे. मुलगा पास होतो, प्रमाणपत्र मिळते, काहींना विद्यापीठात प्रवेशही मिळतो. पण नोकरीच्या अर्जापाशी आला की साहेब विचारतो, चिनी वाचता येते का? दुसरी-तिसरीचे चिनी येते! ज्याचा आजा हाँगकाँगच्या पोलिसात होता त्याच्या नातवाला लेखी चिनीच्या अटीपायी पोलीस भरतीचे दार बंद झाले. ही अट पुढे काही सरकारी पदांसाठी सैल केली गेली हे खरे. पण तोवर एक आख्खी पिढी पहारेकरी आणि हमाल होऊन गेली.

मग बहुसंख्य समाज म्हणतो, "इतकी वर्षे इथे राहतात, पण आमची भाषा शिकत नाहीत."

हे वाक्य आम्ही ओळखतो. एल्फिन्स्टन हायस्कुलात बाबासाहेबांना संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्याच्या पोराला संस्कृत शिकवणार नाही असे शिक्षकाने बजावले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. शतकानुशतके ज्यांना अक्षर दिले नाही त्यांनाच पुढे 'यांना विद्येची आवड नाही' म्हणून हिणवले गेले. किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची आणि बाहेरच्याला 'तू आत का येत नाहीस' म्हणून विचारायचे, ही युक्ती काही एकट्या मनूची मिरास नाही.

आता कायद्याकडे येऊ. हाँगकाँगमध्ये वंशभेदविरोधी कायदा जुलै २००८ मध्ये संमत झाला आणि १० जुलै २००९ पासून पूर्णपणे लागू झाला. त्याच्या ८ व्या कलमात 'वंश' या शब्दाची व्याख्या आहे. वंश, रंग, कूळ, राष्ट्रीय किंवा वांशिक मूळ, असे त्यात सारे येते. आणि 'कूळ' म्हणजे काय हे सांगताना कायद्याने जातीचा स्पष्ट उल्लेख केला आहे. जन्माने मिळालेल्या दर्जावर उभी असलेली जातीसारखी समाजरचना, आणि तीमुळे नाकारले जाणारे मानवी हक्क, हे त्या व्याख्येत आहे. ब्रिटनच्या संसदेने २०१३ मध्ये जातीचा समावेश करण्याची तरतूद केली, पण २०१८ मध्ये तिथल्या सरकारने माघार घेतली. अमेरिकेत सिएटल शहराने २०२३ मध्ये जातिभेदावर बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातले विधेयक राज्यपालांनी परत पाठवले. हाँगकाँगने हे २००८ मध्ये करून टाकले होते.

याचे श्रेय कोणाला? आंतरराष्ट्रीय वंशभेदविरोधी करारात 'कूळ' हा शब्द १९६५ मध्ये भारताच्याच सूचनेवरून आला. पण २००१ मध्ये दरबानच्या जागतिक परिषदेत दलित प्रतिनिधी जातीचा प्रश्न घेऊन गेले, तेव्हा वाजपेयी सरकारने 'जात म्हणजे वंश नव्हे, हा आमचा घरचा प्रश्न आहे' अशी भूमिका घेतली. आपणच दिलेल्या शब्दाचा अर्थ आपणच नाकारायचा! २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या समितीने 'कूळ' या शब्दात जात येते असा खुलासा केला. त्याच अर्थाची व्याख्या चीनच्या किनाऱ्यावरच्या एका शहराने आपल्या कायद्यात लिहून घेतली. दरबानला घसा फोडणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना ही बातमी कोणत्याही मोठ्या वर्तमानपत्राने दिली नाही.

अभिमानाचे कलम हे. पळवाटा आता पाहू.

त्याच कायद्याचे २६ वे कलम शिक्षणाविषयी आहे. शाळेने वंशावरून भेदभाव करू नये असे म्हणून ते लगेच पुढे सांगते की, कोणत्याही वांशिक गटासाठी शिक्षणाचे माध्यम किंवा सुट्ट्या बदलण्याचे बंधन शाळेवर नाही. ५८ वे कलम तर भाषेसाठीच राखून ठेवले आहे. वस्तू आणि सेवा देताना कोणती भाषा वापरली किंवा वापरली नाही, यावरून भेदभावाची तक्रार करता येणार नाही, असा त्याचा मथितार्थ. नोकरीच्या बाबतीत थोडी फट उरते. कामाला गरज नसताना 'चिनी वाचता आले पाहिजे' अशी अट घातली आणि मालकाला तिचे समर्थन करता आले नाही, तर तो अप्रत्यक्ष भेदभाव ठरू शकतो. पण पहारेकऱ्याने मालकाला कोर्टात खेचायचे, आणि तेही त्याला न वाचता येणाऱ्या कागदांनिशी, हे बोलायला सोपे आहे.

वकील म्हणून आम्हाला यात एक गोष्ट खटकते. हाँगकाँगचा १९९१ चा हक्कांचा कायदा आहे. त्याच्या २२ व्या अनुच्छेदात कायद्यापुढील समानतेची जी यादी आहे तीत वंश, रंग, लिंग यांच्या पाठोपाठ भाषा हा शब्द आहे. म्हणजे भाषा हे भेदभावाचे कारण होऊ शकते, हे तिथल्या कायद्याला १९९१ मध्ये ठाऊक होते. तो कायदा सरकारला बांधतो, खासगी मालकाला किंवा दुकानदाराला नाही. सतरा वर्षांनी सगळ्यांना बांधणारा कायदा आला तेव्हा नेमका तोच शब्द त्याच्या यादीत नव्हता, उलट त्याला वगळण्यासाठी वेगळे कलम लिहिले गेले. हे नजरचुकीने होत नाही. एखादा शब्द कायद्याच्या मसुद्यातून गळतो तेव्हा तो गळावा असे कोणाला तरी वाटत असते.

आणि भाषेचा प्रश्न नोकरीपुरता नाही, जिवाचाही आहे. मार्च २००९ मध्ये, म्हणजे हा कायदा लागू व्हायला चार महिने असताना, होमांटिन भागातल्या टेकडीवर उघड्यावर राहणाऱ्या एका नेपाळी माणसाला एका पोलीस शिपायाने गोळ्या घातल्या. झटापट झाली, त्याने आपल्यावर हल्ला केला, असे शिपायाचे म्हणणे होते. गोळी झाडण्यापूर्वी शिपायाने इशारे दिले होते. ते कँटोनीजमध्ये होते. मृत्यूच्या चौकशीत ज्यूरीने हा मृत्यू कायदेशीर ठरवला. इशारा ज्याला द्यायचा त्याला तो कळला की नाही, हा प्रश्न समाजाने मोर्चे काढून विचारला. उत्तर देणारा तर मेला होता. त्याच वर्षी भारतीय वंशाच्या एका अकरा वर्षांच्या मुलाला एका चिनी बाईशी झालेल्या किरकोळ धक्काबुक्कीवरून पोलिसांनी पकडले. हा मुलगा कँटोनीज बोलणारा होता, हे विशेष. त्याने वंशभेदाचा दावा लावला. २०१६ मध्ये जिल्हा न्यायालयाने निकाल दिला की, पोलिसांचा तपास आणि अटक ही या कायद्याच्या अर्थाने 'सेवा' नव्हे. दावा गेला. म्हणजे भाषा येत नाही म्हणून एक अडला आणि भाषा येत असून दुसरा अडला!

दवाखान्यात काय होते पाहा. २००९ पासून तिथे सरकारी पैशावर चालणारे एक केंद्र आहे. हिंदी, उर्दू, नेपाळी, पंजाबी अशा भाषांत ते फोनवरून दुभाषा पुरवते. चांगले काम आहे. पण दुभाष्याला फोन लावायचा की नाही हे समोरच्या कारकुनाच्या मर्जीवर. म्हणून बाई शाळकरी मुलाला बरोबर नेते आणि पोटचा पोरगा आईची बायकी दुखणी डॉक्टरला सांगतो. आम्ही वकिलीच्या सुरुवातीला एका तालुका कोर्टात असेच पाहिले आहे. आमची अशील बंजारा तांड्यावरची बाई. तिला गोरबोलीशिवाय काही येत नव्हते. जबाब मात्र अस्खलित, कार्यालयीन मराठीत, खाली अंगठा. दुभाषा मागितला तर "मराठी कुणाला कळत नाही वकीलसाहेब?" असे ऐकावे लागले. शेवटी तिच्या दहा वर्षांच्या मुलीला उभे केले. त्या पोरीने आईवर काय गुदरले हे भर कोर्टात मराठीत सांगितले. आमच्या राज्यघटनेत ३५० (अ) हा अनुच्छेद १९५६ पासून आहे, अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी म्हणून. कोणत्या तांड्यावर ती सोय झाली? बाबासाहेबांनी १९५५ मध्ये भाषावार राज्यांवर लिहिताना बजावले होते की, एकभाषी राज्य चालवायला सोपे, पण त्यात बहुसंख्य जातीच्या हाती सत्ता जाऊन लहान समाज चिरडले जाण्याचा धोका आहे. हाँगकाँगकडे बोट दाखवताना हे विसरून चालणार नाही.

कँटोनीज समाजावर एकतर्फी फिर्याद लावणेही न्यायाचे होणार नाही. तो स्वतः भाषेचा मार खाल्लेला आहे. ब्रिटिश अमलात शंभरावर वर्षे कोर्टाची आणि सरकारची भाषा इंग्रजी होती. नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांची भाषा असून चिनीला राजभाषेचा दर्जा मिळायला १९७४ साल उजाडले, आणि तोही विद्यार्थ्यांनी चळवळ केली तेव्हा. आज पुतोंगहुआचा दाब वाढतो आहे. शेजारच्या ग्वांगझू शहरात २०१० मध्ये दूरदर्शनवरून कँटोनीज हटवण्याच्या सूचनेवरून लोक रस्त्यावर आले होते. आपली भाषा जाईल या भीतीने ग्रासलेला समाज दुसऱ्याच्या भाषेकडे उदार नजरेने पाहत नाही. हे आम्ही समजू शकतो. पण जे १९७४ पर्यंत स्वतः खिडकीबाहेर उभे होते त्यांनी खिडकीत बसल्यावर तेच करावे, याचे वाईट वाटते.

वाईट वाटण्याचे आणखी एक कारण आहे. हे बुद्धाला मानणारे शहर आहे. लांताव बेटावर तथागतांची भव्य मूर्ती १९९३ पासून उभी आहे आणि बुद्धजयंतीला १९९९ पासून तिथे सार्वजनिक सुट्टी असते. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेले दोन भिक्खू तथागतांकडे तक्रार घेऊन जातात. नाना कुळांचे, नाना जातींचे लोक संघात आले आहेत आणि ते आपापल्या बोलीत बोलून बुद्धवचन बिघडवतात, तेव्हा ते छांदस भाषेत बांधून टाकावे असे त्यांचे म्हणणे. तथागत त्यांची कानउघाडणी करतात आणि ज्याने त्याने आपल्या बोलीत धम्म शिकावा अशी मुभा देतात. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा निवाडा आम्हाला ५८ व्या कलमापेक्षा मोठा वाटतो.

आपलेपणाचा प्रश्न नुसत्या भाषेने सुटत नाही, हेही खरे. विवेक महबूबानी हा भारतीय वंशाचा कलाकार कँटोनीजमध्ये लोकांना हसवतो. २००७ मध्ये चिनी भाषेतल्या विनोदी स्पर्धेत तो पहिला आला. लोक टाळ्या वाजवतात आणि 'तुझे कँटोनीज किती चांगले' म्हणतात. जिथे जन्मला तिथली भाषा बोलल्याबद्दल शाबासकी मिळावी, यातच सगळे आले. घरकामाच्या बायांना तर भाषा येवो न येवो, दारच नाही. इतर परदेशी माणूस सात वर्षे राहिला की कायम रहिवासाचा हक्क मागू शकतो. १९८६ पासून तिथे राबणाऱ्या एका फिलिपिनो बाईने तो मागितला तेव्हा अंतिम अपील न्यायालयाने मार्च २०१३ मध्ये तो नाकारला. का, तर घरकामगार म्हणून राहणे हे 'सामान्य वास्तव्य' नव्हे. दुसऱ्याचे घर सत्तावीस वर्षे सांभाळले, पण स्वतःचे राहणे झाले नाही.

ऑक्टोबर २०१९ मध्ये शहरात आंदोलन पेटले होते. एका आंदोलन-नेत्यावर दक्षिण आशियाई लोकांनी हल्ला केल्याची वदंता उठली आणि चुंगकिंग मॅन्शन्स या इमारतीवर, तिथल्या दुकानांवर सूड उगवला जाईल अशी भीती पसरली. २० ऑक्टोबरला मोर्चा त्या रस्त्याने आला तेव्हा तिथले भारतीय, पाकिस्तानी लोक दारात उभे राहून पाण्याच्या बाटल्या वाटत होते. मोर्चातल्या चिनी तरुणांनी त्यांच्याशी हात मिळवले. त्याच दिवशी पोलिसांच्या पाण्याच्या तोफेने कौलूनच्या मशिदीचे दार निळे केले आणि चिनी शेजारी ते पुसायला धावले. असे दिवस येतात. पण जानेवारी २०२१ मध्ये जॉर्डन भागात कोरोना वाढला, तेव्हा आरोग्य खात्याच्या एका अधिकाऱ्याने जाहीरपणे सांगितले की, अल्पसंख्याक लोकांना एकत्र जमून खायला-प्यायला, गप्पा मारायला आवडते. एका खोलीचे चार पिंजरे करून भाड्याने दिलेल्या जागेत माणूस एकत्र जमला नाही तर काय करील? आपल्याकडे २०२० मध्ये एका समाजाच्या माथी रोग मारला गेला, त्याची आठवण आम्हाला झाली.

तिथल्या कार्यकर्त्यांची मागणी साधी आहे. पहिल्या इयत्तेपासून चिनी दुसरी भाषा म्हणून शिकवा, पण शेवटची पायरी चिनी मुलाच्या पायरीला मिळेल अशी शिडी द्या. त्यासाठी शिकवलेले शिक्षक द्या. बालवाडीपासून मुलांना एकत्र बसवा. कायद्यातली भाषेची सूट काढा आणि पोलिसांसह सगळे सरकारी काम कायद्याखाली आणा. यात एकही मागणी खैरातीची नाही.

आमच्या खलाशाने त्या नेपाळी पहारेकऱ्याचा नंबर घेऊन ठेवला आहे. त्याची मुलगी आता बालवाडीत जाते. प्रवेशाच्या वेळी मुलाखत कँटोनीजमध्ये होती; बापाने महिनाभर आधी तिच्याकडून उत्तरे पाठ करून घेतली होती. शाळेतून येणारी सूचनांची चिठ्ठी चिनीत असते. ती तो रात्री खिशात घालून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेल्यावर शरॉफच्या खिडकीत बसणाऱ्या बाईकडून वाचून घेतो.